खुब्याचा तात्पुरता दाह (बालकांतील)

खुब्याच्या सांध्याच्या अस्तराला काही दिवसांपुरती येणारी सूज. सांध्यात पाणी साचते आणि कालपर्यंत धावणारे मूल एकाएकी लंगडू लागते. हा विकार साधारण 3 ते 10 वर्षे वयात, मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुप्पट आणि बहुधा एकाच बाजूला होतो. कारण निश्चित नाही. पुष्कळदा आधी सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. खुब्याची वेदना गुडघ्यातही जाणवते, त्यामुळे मूल गुडघ्याकडे बोट दाखवते आणि घरचे गुडघाच चोळत बसतात. दुखऱ्या गुडघ्यात काही सापडले नाही, तर खुबा तपासलाच पाहिजे.

दाह निरुपद्रवी असला तरी त्याचे निदान इतर आजार वगळूनच होते. सांध्यात पू झालेले मूलही असेच लंगडते. तो पू तातडीने काढला नाही तर सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. हे दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी कोचर व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये चार निकष मांडले : 38.5° से.हून अधिक ताप, पायावर भार न देणे, रक्ततपासणीत ईएसआर 40 किंवा अधिक आणि पांढऱ्या पेशी 12,000 हून अधिक. जितके निकष जुळतात, तितकी पुवाची शक्यता वाढते. पहिल्या दोहोंसाठी तापमापक आणि सावध नजर पुरते. मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या डोंगराळ गावी याचे मोल मोठे आहे. सोनोग्राफी वा शस्त्रक्रियेसाठी तिथून जव्हार किंवा नाशिक गाठावे लागते. आदिवासी भागात सिकलसेल आणि खुब्याचा क्षयही ध्यानात ठेवावा लागतो. 4 ते 8 वर्षांच्या मुलाचे लंगडणे लांबले, तर पर्थीस या खुब्याच्या हाडाच्या रोगासाठी क्ष-किरण चित्र काढतात.

विश्रांती आणि वजनानुसार आयबुप्रोफेन हाच उपचार. डेंग्यूची शंका असल्यास मात्र ते देऊ नये. प्रतिजैविके लागत नाहीत. मालिश किंवा पाय ओढणे टाळावे. बहुतेक मुले एक-दोन आठवड्यांत बरी होतात. काहींना त्रास पुन्हा होतो. फेरतपासणी आवश्यक असते, आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर स्थलांतरित झाले की नेमकी तीच राहून जाते. निघण्यापूर्वी आशाताईंनी केसपेपर पालकांसोबत द्यावा. आश्रमशाळेतील मुलाची नोंद अधीक्षकांनी ठेवावी.

ताप आहे आणि मूल पाय टेकत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये; 108 ला फोन करावा.