अरण्यविद्या आणि दानशूरांचा पैसा

1936 च्या डिसेंबरात आपल्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, ही हकीकत येथील शेंबड्या पोरालाही पाठ आहे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, महात्माजी होते, आणि मंडप व कमानी सजविण्यासाठी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले होते. गावात मिळेल त्याच सामानातून शोभा आणावयाची, असा महात्माजींचा आग्रह. म्हणून बांबू, गवत, चटया यांतूनच ते नगर उभे राहिले. या कथेत बांबू कोठून आला हे मात्र कोणी विचारीत नाही. फैजपुराच्या उत्तरेस निळी रेघ दिसते, ती सातपुड्याची. त्या रेघेकडे आपण पाऊस आला की नाही एवढे पाहण्यापुरतेच पाहतो. तिचा अभ्यास कोणी केला, त्याला पैसा कोणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, हा आमचा आजचा विषय आहे.

आम्ही शाळा फारशी पाहिलेली नाही. केळी गाड्यांत भरणाऱ्या हमालांची संघटना बांधता बांधता जे वाचले, तेवढीच आमची पुंजी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये. पैशाचा हिशेब मात्र आम्हांस थोडाबहुत कळतो.

इंग्रजी अमदानीत रानाची विद्या सरकारी गरजेतून जन्मली. मुंबई इलाख्यात 1847 साली डॉ. गिब्सन हे पहिले वनसंरक्षक झाले. मूळचे हे गृहस्थ शल्यवैद्य. पुढे आगगाडी आली, भुसावळ मोठे स्टेशन झाले, आणि रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी साग हवा झाला. 1878 हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी जंगलचा कडक कायदा झाला आणि त्याच वर्षी डेहराडूनला जंगलची शाळा निघाली. कुलूप आणि कुलूप राखणारा यांची व्यवस्था एकदमच झाली म्हणावयाची! त्या शाळेत झाड म्हणजे लाकडाचे घनफूट. झाडाखाली राहणारा भिल्ल, पावरा, तडवी हा पुस्तकात आला तर गुन्हेगार म्हणून आला.

मग देशी पैशाने निराळी विद्या उभी राहिली का? राहिली, पण वळसा घेऊन. जमशेटजी टाटा यांनी 1892 साली हिंदी तरुणांस विलायतेत शिकण्यासाठी निधी काढला, आणि 1898 साली विज्ञानाच्या एका विद्यापीठासाठी तीस लाख रुपयांची मिळकत देऊ केली. संस्थेस आपले नाव देऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हैसूर दरबाराने 371 एकर जमीन दिली. जमशेटजी 1904 साली गेले. बंगलोरची संस्था 1909 साली कायद्याने अस्तित्वात आली. तीस लाख कोठून आले, हे आम्ही विसरत नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या साच्यांवर उभ्या राहिलेल्या बायाबापड्यांचा घाम त्यात आहे. दात्याच्या स्मारकावर तो कोरीत नाहीत, म्हणून येथे सांगितला.

दुसरे उदाहरण बंगालचे. रासबिहारी घोष हे कलकत्त्याचे नामांकित वकील. त्यांनी 1913 साली कलकत्ता विद्यापीठास दहा लाख दिले आणि अट घातली, की या पैशातून नेमावयाचे प्राध्यापक हिंदीच असावेत. या अटीचा लाभ एका मराठी माणसास झाला. मालवणला 1884 साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मुंबईत शिकवीत असताना सुट्टीत सह्याद्रीच्या ओढ्यांतून हिंडत आणि गोड्या पाण्यातले जीव गोळा करीत. त्यांस वनस्पतिशास्त्राचे हे घोष अध्यासन मिळाले. अधिक शिक्षणासाठी जर्मनीत गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. तरीही अभ्यास पुरा करून पदवी घेऊनच ते परतले. 1946 साली कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिली आणि 1960 साली मरेपर्यंत ती चालविली. 1992 पासून त्या संशोधनसंस्थेस त्यांचेच नाव आहे.

आता या दोन ओढ्यांचा संगम पाहा. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव माधव गाडगीळ 1971 साली हार्वर्डहून परतले आणि पुण्यात आघारकरांच्या संस्थेत काम करू लागले. तेथे वा. द. वर्तक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. या दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी तुडविल्या. देवाच्या भीतीने राखलेले रान म्हणजे अडाण्याची समजूत, असे शिकलेले लोक म्हणत. या दोघांनी दाखविले, की भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी मूळच्या अरण्याचा नमुना या तुकड्यांत शिल्लक आहे आणि गावाचा झरा पुष्कळदा तेथूनच उगवतो. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाच्या लोकांनी तर आपली राई तोडीपासून वाचविण्यासाठी या अभ्यासकांचीच मदत मागितली. 1976 साली त्यांचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. तोपर्यंत गाडगीळ बंगलोरला, जमशेटजींच्या संस्थेत, गेलेही होते.

तेथे जे घडले ते आम्हां कामगारचळवळीतल्या माणसास फार मोलाचे वाटते. कर्नाटकातील बांबू संपत चालला होता. दोष टोपल्या विणणाऱ्या बुरुडांवर आणि गुरे चारणाऱ्यांवर ठेवून सगळे मोकळे झाले होते. गाडगीळांनी रानात जाऊन मोजणी केली. कागदगिरण्यांस हा बांबू टनामागे दीड रुपया दराने मिळत होता. बाजारात बुरुडास तोच शेकडो पटींनी महाग. जे फुकटासारखे मिळते ते जपून कोण वापरील? दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. वाढ चांगली व्हावी आणि तोड सोपी जावी म्हणून ती साफ करण्याची पद्धत पडली होती. गावकरी सांगत, की काटे काढले की कोवळे कोंब गुरे आणि रानजनावरे खातात. मोजणी झाली तेव्हा गावकऱ्यांचेच खरे निघाले. गिरणीमालकाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेतल्या माणसाने गिरण्यांविरुद्ध पुरावा द्यावा, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. देणगी एकदा दिली की दात्याने हात काढून घ्यावा लागतो, हे जमशेटजींनी नाव नाकारून आधीच दाखविले होते.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. येथे दाते नव्हते असे नाही. अमळनेरचे गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. देशभरातले पदवीधर तेथे राहून वेदान्ताचे चिंतन करीत. त्यांस विद्यावेतन मिळे. इंग्रजीतून त्रैमासिक निघे. असे काम हिंदुस्थानात क्वचितच झाले असेल आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण मनात येते, की ब्रह्म काय आहे हे शोधण्यास वेतन होते, आणि पालच्या घाटातला अंजन का कमी होतो हे शोधण्यास एक दमडीही निघाली नाही. असो. अंजनाविषयी ब्रह्मजिज्ञासा कोणास व्हावी!

विद्यापीठे पुढे आली ती सरकारी खजिन्यातून: राहुरी 1968, अकोला 1969, दापोली 1972, आणि जळगावचे 1990. वनशास्त्राची पदवी अकोला व दापोलीस मिळू लागली. यावलचे अभयारण्य 1969 साली झाले. आणि विद्यापीठाची वाट न पाहता धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैतराम पवार यांच्या पुढाकाराने आपले रान पुन्हा उभे केले. वाणिज्य शाखेची द्विपदवी घेतलेला हा माणूस नोकरीस न जाता पाड्यावर राहिला. 2025 साली त्यांस पद्मश्री मिळाली. विद्वान तेथे नंतर पोहोचले, आणि गावाकडून शिकून गेले.

एक घरची गोष्ट सांगून आवरतो. आमच्या संघटनेतल्या एका तडवी हमालाचा मुलगा वनशास्त्र शिकण्यास निघाला. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे हाती येण्यास आठ महिने लागले. खानावळीचे बिल थकले तेव्हा पोरगा गाठोडे बांधून परत आला. बाप म्हणाला, "दादा, आता याला गाडी भरायलाच लावू का?" त्या रात्री गाडी भरून झाल्यावर हमालांनी गमछा पसरला. कोणी दहा टाकले, कोणी पन्नास. पोरगा परत गेला आणि पदवी घेऊन आला.

आज तो बी-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. मागच्या उन्हाळ्यात त्याने आमच्यापुढे एक कागद ठेवला. अंजनास बियांचा बहर दरसाल येत नाही, काही वर्षांनी एकदा येतो. त्या वर्षी उगवलेली रोपे किती जगतात, किती शेळ्या खातात आणि किती उन्हात जळतात, हे ओळीने तीन वर्षे पाहावयाचे. मोजणीस पाड्यावरची मुले रोजाने लावावयाची. खर्चाचा आकडा मोठा नाही. एक केळीची गाडी भरण्याची मजुरी जेवढी होते, त्याच्या काही पट. हा कागद तो दोन ठिकाणी देऊन आला होता. एकाने शिक्का मारलेल्या पत्राची मागणी केली, दुसऱ्याने उत्तर दिले नाही. आम्ही तो कार्यकारिणीपुढे मांडला. एक सभासद म्हणाला, संघटनेची वर्गणी झाडे मोजण्यास नाही. दुसरा म्हणाला, केळीला पाणी कोठून येते ते आधी सांग. त्यावर दोन बैठका झाल्या आहेत, तिसरी येत्या अमावास्येला, गाड्या बंद असतात म्हणून, ठेवली आहे.