पेशी, पॅसेंजर आणि पाणचक्की

मराठवाड्यातील लोहमार्ग ज्यांनी आखला, त्यांच्या मनात प्रेक्षणीय स्थळांचा विचार क्वचितच आला असेल. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाने, निजाम सरकारच्या आश्रयाने, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जो मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खुला झाला, त्याचे प्रयोजन कापूस मुंबईच्या वाटेला लावावा, धान्याची ने-आण व्हावी आणि प्रसंगी फौज हलविता यावी, एवढेच होते; जालन्यास तर त्या वेळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणीच होती. तथापि अभियंत्याने नकाशावर ओढलेल्या या रेघेवर अंकाईचा किल्ला आला, दौलताबाद आले, औरंगाबाद आले. आणि त्यांच्या पूर्वेस, करमाड मागे पडल्यावर व जालना येण्यापूर्वी, बदनापूर नावाचे एक लहानसे स्थानकही आले.

बदनापूर आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे आणि शेतकरीवर्गास ते तेथील कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांमुळे विशेष परिचित आहे. परंतु जालना हा जिल्हाच मुळी १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडे, आणि निजामाच्या अमलात तर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे सुभ्याचे ठाणे होते. सुभेदार तेथे, जिल्ह्याचा अव्वल तालुकदार तेथे, अदालतही तेथेच. लहानसहान कामे तहसिलीत उरकत. पण ज्याच्या बांधाचा तंटा खाली मिटला नाही, ज्याचा वारसाचा अर्ज दफ्तरात अडकला, किंवा ज्यास एखाद्या फैसल्यावर अपील करावयाचे होते, त्यास आज ना उद्या औरंगाबादेचे तिकीट काढणे प्राप्तच होते.

आता कचेरीच्या कामाचा स्वभाव असा की, त्यात प्रत्यक्ष काम घटकाभराचे आणि प्रतीक्षा प्रहराची. पुकारा होतो, वकील उभा राहतो, पेशी तहकूब होऊन पुढची तारीख पडते, आणि पक्षकार अकस्मात रिकामा होतो. परतीची पॅसेंजर मात्र तिच्या वेळेलाच यावयाची, आणि तिच्याखेरीज गाव गाठण्याचे दुसरे साधन म्हणजे बैलगाडी. हा जो मधला, कोणाच्याच हिशेबात नसलेला काळ, त्यातूनच मराठवाड्यातील सामान्य माणसाचे शहर-दर्शन जन्मास आले, असे माझे मत आहे. सहल म्हणून सहलीस निघणे ही कल्पना त्या समाजास परकी होती. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला चैनच म्हटले असते. पण कामास गेलेला माणूस उरलेल्या वेळात काही पाहून आला, तर त्यास कोण काय बोलणार? शिवाय दशम्यांचे गाठोडे बरोबर असल्यामुळे खर्चही फारसा नसे.

स्थानक शहराच्या दक्षिणेस, जुन्या वस्तीपासून बरेच दूर. तेव्हा टांगा करावा किंवा पायपीट. गुलमंडीवर सुपारी हनुमानास नमस्कार करून, बाजार न्याहाळीत माणूस जो वळे तो बहुधा पाणचक्कीकडे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही गिरणी अठराव्या शतकातील. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून काही कोस आणून, उंच मनोऱ्यात चढवून, तेथून ते हौदात धबधब्यासारखे सोडलेले, आणि त्याच्याच जोरावर जाते फिरून फकिरांचे व वाटसरूंचे पीठ दळले जाई. औरंगाबादचे पाणी ही मुळात मलिक अंबरची करामत. १६१०च्या सुमारास खडकी येथे नगर वसविणाऱ्या या हबशी मुत्सद्द्याने भूमिगत नहरींचे जे तंत्र रुजविले, त्याचाच विस्तार पुढच्यांनी केला. ज्याचे सारे आयुष्य विहिरीच्या मोटेवर आणि आभाळाच्या मर्जीवर गेले, त्या बदनापूरकडच्या कुणब्याने हा चमत्कार पाहून काय म्हटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर, हे ऐकून तर तो दालनात उतरून वर पाहिल्यावाचून राहिला नसेल. मग तेथल्या प्रचंड वडाखाली दशम्या सोडावयाच्या.

तेथून बीबी का मकबरा जवळच. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू हिची ही कबर १६६०च्या सुमारास पुरी झाली. तिला सुमारे पावणेसात लाख रुपये लागल्याची नोंद आहे. जाणकार मंडळी ताजमहालाशी तुलना करून या इमारतीस नेहमीच कमी लेखतात. मला तो अन्याय वाटतो. ज्याने आग्रा पाहिले नाही, त्याला ही तुलना सुचतच नाही. पॅसेंजरमधून उतरलेल्या माणसाला दिसे तो पांढराशुभ्र घुमट आणि पाठीमागचे डोंगर. भिंतींवर संगमरवर खाली थोडाच आणि वर चुन्याची घोटाई, ही काटकसर त्याच्या नजरेतून सुटली नसेल. पण घर बांधताना हात आखडणे म्हणजे काय, हे तो पुरते जाणून होता.

याच सुमारास दुसऱ्या प्रकारचा प्रवासीही या प्रदेशात येत होता, आणि ग्रंथांतून व जाहिरातींतून सारा इतिहास त्याचाच लिहिला गेला आहे. हा मार्ग होण्यापूर्वी वेरूळला जाणारे साहेबलोक नांदगावला उतरून टांग्याने जात. पुढे १९३० साली रेल्वे निजाम सरकारच्या ताब्यात आल्यावर औरंगाबादेस रेल्वेचे उपाहारगृह व निवासस्थान झाले, आणि १९३२ मध्ये याच खात्याने २७ गाड्या घेऊन मोटारसेवाही सुरू केली. ही व्यवस्था चोख होती, यात शंका नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे असलेला पाहुणा मुंबईचा किंवा विलायतेचा होता.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथील कामगारास रविवारची सुटी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मिळाली, आणि ज्या गाडीने आठवडाभर कामावर जावयाचे, तिनेच सुटीच्या दिवशी बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी पाहावयाची, हा परिपाठ तेथे सहज रुजला. पुण्याकडे मळवलीस उतरून कार्ले आणि भाजे एका दिवसात करणारे लोणावळा लोकलचे प्रवासी त्याच पंथातले. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे, आणि शेतकऱ्यास तर शुक्रवारही नव्हता आणि रविवारही; त्यामुळे येथे सुटीच्या दिवसाचे काम पेशीच्या दिवसाने केले.

अर्थात एकच निमित्त अदालतीचे नव्हते. औरंगाबाद ओलांडून त्याच गाडीने पुढे गेले की दौलताबाद. यादवांची राजधानी आणि मुहंमद तुघलकाने १३२७ साली दिल्ली हलवून आणली ते ठिकाण, हे शाळेत शिकलेल्यांचे दौलताबाद. वारकऱ्याचे दौलताबाद मात्र वेगळे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार, पैठणहून आलेल्या नाथांनी गुरुसेवा केली ती येथेच; तेव्हा खंदक, अंधारी आणि मेंढा तोफ हे सारे त्याच्या लेखी स्वामींच्या समाधीच्या वाटेवरचे. घाट चढून खुलताबादेस गेले की उरुसाची गर्दी आणि निजलेला भद्रा मारुती एकाच गावात. त्यापुढे वेरूळ: अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वराचे दर्शन हा हेतू, आणि कैलास लेणे पदरात पडलेले. लेण्यांच्या अभ्यासकांना हा क्रम उफराटा वाटेल. पण आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ज्या देवासाठी पहाड कोरला, त्याच देवाला भेटायला आलेला माणूस त्या कारागिरांना अधिक जवळचा वाटला असता.

हा परिपाठ एकाएकी मोडला नाही. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर पॅसेंजरमध्ये पक्षकारांच्या शेजारी विद्यार्थी बसू लागले. मग एस.टी. आली, रस्ता सुधारला, आणि १९८१ नंतर जिल्ह्याची कचेरी उलट दिशेला, जालन्यास गेली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुळांचे रुंदीकरण झाले, अलीकडे विजेच्या ताराही आल्या. अजिंठ्याच्या नावाची गाडी अजिंठ्यापासून पुष्कळ दूरवरून पूर्वीसारखीच धावते, आणि डिसेंबर २०२३मध्ये जालन्याहून मुंबईस सुरू झालेली वंदे भारतही बदनापुरावरून न थांबता जाते. जालन्यास मोती तलाव आहे, काळी मशीद आहे. परंतु ती पाहावयास वेळ कोणाजवळ आहे? तारीख पडली की तासाभरात माणूस बसने किंवा स्वतःच्या दुचाकीने घरी. आता वेरूळ पाहावयाचे तर महाशिवरात्रीला किंवा श्रावणातल्या एखाद्या शनिवारी चार घरांनी मिळून जीप ठरवावी लागते, आणि तिचे भाडे कोणी किती द्यायचे याची बोलणी आधी आठवडाभर चालतात.