शिरूर-दौंडहून कात्रजचे प्राणिसंग्रहालय : एक दिवसाची कौटुंबिक सहल कशी आखावी?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील कुटुंबांना सर्वांत जवळचे मोठे प्राणिसंग्रहालय म्हणजे पुण्यातील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. अंतर साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी परतता येते, पण आखणी चुकली तर निम्मा दिवस रस्त्यात जातो आणि मुले वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत पेंगुळतात.

थोडी ओळख

कात्रजला सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झाले. पुढे १९९९ मध्ये तेथे महापालिकेचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि शहरातील जुन्या पेशवे पार्कमधील प्राणी टप्प्याटप्प्याने येथे आणले गेले. परिसर सुमारे १३० एकरांचा असून त्यात कात्रजचा तलाव आहे. पेशवाईत याच भागातून नळयोजनेने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेले होते.

कोणता दिवस निवडावा?

प्राणिसंग्रहालय दर बुधवारी बंद असते. प्राण्यांना विश्रांती मिळावी म्हणून देशभरातील प्राणिसंग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावा लागतो. रविवारी आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत तिकीट खिडकीपासूनच रांग लागते. शाळेला स्थानिक सुट्टी असलेला मधला वार मिळाला तर तो घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सर्वांत सोयीचा. तिकिटाचे दर आणि वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

कसे जावे?

*दौंडहून :* रेल्वे सर्वांत सोपी. दौंड, पाटस, केडगाव, यवत, उरुळी या स्थानकांवरून पुण्याला सकाळच्या गाड्या मिळतात. पुणे स्थानकावरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला यावे, तेथे मार्गिका बदलून स्वारगेटला उतरावे. स्वारगेटहून पीएमपीच्या कात्रजकडे जाणाऱ्या बस सतत असतात. कंडक्टरला 'सर्पोद्यान' सांगितले तरी पुरते. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना मंतरवाडी फाट्यावरून उंड्रीमार्गे कात्रजला जाता येते, मात्र त्या रस्त्यावर जड वाहने फार.

*शिरूरहून :* येथे रेल्वे नाही. नगर रस्त्यावर शिक्रापूर, कोरेगाव भीमा आणि वाघोली येथे कोंडी होते, त्यामुळे पहाटे निघणेच बरे. एसटीने आल्यास नगर रस्त्यावर रामवाडी येथे मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टमार्गे स्वारगेट गाठता येते. न्हावऱ्याच्या बाजूच्या लोकांना चौफुला गाठून केडगावहून रेल्वेने जाणेही जमते.

आत गेल्यावर

वाघ, सिंह, बिबट्या हे प्राणी उन्हात सावली धरून झोपतात. म्हणून आत शिरताच मोठ्या मांसाहारी प्राण्यांकडे जावे. सांबर, चितळ, गवा, काळवीट त्यानंतर पाहावेत. सर्पोद्यान दुपारसाठी ठेवावे. सगळे फिरायला दोन-तीन तास चालावे लागते. आजी-आजोबा किंवा लहान मूल सोबत असेल तर बॅटरीवरील गाडीची सोय आहे. तिचे तिकीट वेगळे असते.

प्राण्यांना खायला देणे, डिवचणे, आरडाओरडा करणे आणि कचरा टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेंगदाण्याची पुडी पिशवीतच राहू द्यावी. माणसाचे खाणे प्राण्यांना बाधते आणि प्लास्टिक पोटात गेल्यास जीवावर बेतते.

मुलांशी काय बोलावे?

उसाच्या पट्ट्यातील मुलांना बिबट्या ठाऊक असतो तो भीतीतून. संध्याकाळी शेतात जाऊ नको, अंगणात एकटा थांबू नको, हे त्यांनी रोज ऐकलेले असते. कात्रजला तो प्राणी सुरक्षित अंतरावरून शांतपणे पाहायला मिळतो. तो दबा धरून कसा बसतो, रंग गवतात कसा मिसळतो, हे दाखवावे. वाकलेले किंवा बसलेले माणूस त्याला लहान भक्ष्यासारखे वाटू शकते, हेही सांगावे. घाबरवण्यापेक्षा अशी माहिती गावी परतल्यावर जास्त उपयोगी पडते. सर्पोद्यानातही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची ओळख करून द्यावी. आपल्या शेतात आढळणारे प्रमुख विषारी साप हेच.

परतीचा हिशेब उलटा करा

आधी परतीची गाडी ठरवा, मग बाकीचे वेळापत्रक. कात्रजहून पुणे स्थानक गाठायला संध्याकाळी किमान दीड तास हाताशी ठेवा. चारच्या सुमारास बाहेर पडलेले कुटुंब जेवणवेळेपर्यंत घरी पोहोचते. सहा वाजेपर्यंत रेंगाळल्यास शहरातील गर्दीच्या वेळेत अडकायला होते. एखादा विभाग पाहायचा राहिला तरी हरकत नाही, पुढच्या वेळी मुलेच तो आधी दाखवायला सांगतील.