वृत्ती, नादारी आणि दाखला : विद्यार्थिसाहाय्याच्या परिभाषेचा इतिहास

विद्यार्थ्याच्या पोटाची सोय कोणी करावी, हा प्रश्न महाराष्ट्रात विद्यापीठाहून जुना आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. परंतु माधुकरी, वार, शिधा आणि दक्षिणा हे शब्द त्यापूर्वी कित्येक पिढ्या मराठीत रुळलेले होते. पुढे शिष्यवृत्ती, नादारी, फीमाफी, सवलत, विद्यावेतन, निर्वाहभत्ता अशी नवी परिभाषा आली. हे शब्द वरवर समानार्थी वाटतात. वस्तुतः प्रत्येक शब्दात देणारा आणि घेणारा यांचे एक विशिष्ट नाते साठविलेले आहे. या नात्याचा इतिहास पाहिल्यावाचून पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याच्या पोशेरा गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढील आजच्या अडचणीचे स्वरूप नीट कळणार नाही.

प्रारंभ माधुकरीपासून करणे योग्य होईल. मधुकर जसा फुलाफुलांतून थोडाथोडा मध गोळा करतो, तसे विद्यार्थ्याने घरोघर फिरून शिजलेले अन्न मागून आणावे, अशी ही कल्पना. ‘वार लावून जेवणे’ ही तिचीच अधिक स्थिर रीत. सात वारांची सात घरे ठरलेली असत. या व्यवस्थेने पुणे, वाई, नाशिक अशा विद्याक्षेत्रांत अनेक निर्धन मुलांना तारले, हे नाकारता येत नाही. तथापि कोणी कोणाच्या घरी जेवावे याचे निर्बंध समाजात जेथवर होते, तेथवरच माधुकरीची झोळी पोहोचू शकत होती. ज्याच्या हातचे वा ज्याच्या पंक्तीचे अन्न चालत नसे, त्याला वारही मिळत नसे. म्हणजे अन्नाची कुंपणे तीच विद्येची कुंपणे ठरली.

राज्यसत्तेकडून मिळणाऱ्या साहाय्याचे जुने नाव दक्षिणा. तळेगावच्या दाभाडे घराण्याने सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती वाटली जाई आणि घेणारे ब्राह्मण असत. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्या मागे हाच निधी होता. १८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा, अशी मागणी केली. त्यावर पुण्यात मोठा क्षोभ झाला. जोतीराव फुले सुधारकांच्या बाजूने उभे राहिले. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीचे काम सुरू झाले. पुढे ‘दक्षिणा फेलो’ हे पद निर्माण होऊन महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ते मिळाले. धर्मकृत्याचा वाचक असलेला शब्द पाऊणशे वर्षांच्या आत विद्यापीठीय पदाला चिकटला, हे अर्थपरिवर्तनाचे लक्षणीय उदाहरण होय. शब्द मात्र टिकला, आणि त्याबरोबर ‘देणाऱ्याच्या मर्जीने मिळणारे’ ही त्याची छटाही काही काळ टिकली.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द निराळ्या कुळातील आहे. जुन्या कागदपत्रांत वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. जोशीपण, कुलकर्ण या वृत्तीच होत्या आणि त्या वंशपरंपरेने चालत. शिष्यवृत्तीने या वंशपरंपरेच्या जागी परीक्षा आणली. हा बदल मोठा होता. परंतु त्यातील उणीव जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील आपल्या निवेदनात दाखविली. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य असले, तरी त्यामुळे ज्या वर्गांत विद्या अगोदरच आहे त्यांच्याच पदरात ती पडते. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही त्यांचा स्वतंत्र विचार व्हावा, असा त्यांचा आशय होता. साहाय्य गुणांवर द्यावे की गरजेवर, हा वाद महाराष्ट्रात तेव्हापासून चालू आहे.

शाळा-कॉलेजांत या वादाच्या दुसऱ्या बाजूचा शब्द होता ‘नादारी’. नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो, शब्द फारसी. कर्ज फेडू न शकणाऱ्या माणसालाही मराठीत नादारच म्हणत. तोच शब्द फीमाफीला लागल्यामुळे नादारीचा अर्ज करणारा मुलगा आपले दैन्य लेखी कबूल करीत असे. एकाच वर्गात एकाला शिष्यवृत्ती व दुसऱ्याला नादारी असली, तर दोघांच्या खिशातील लाभ सारखा असूनही प्रतिष्ठा सारखी नसे.

संस्थानिकांच्या साहाय्याचा प्रकार यांहून वेगळा. सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार तिला जोडलेला होता. कोल्हापुरास १८९६ साली सर्वांसाठी काढलेल्या राजाराम वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले, तेव्हा शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला. सातारा येथे भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणणारे बोर्डिंग काढले, आणि माधुकरीच्या जागी ‘कमवा व शिका’ हे तत्त्व आणले. वार लावण्याच्या रीतीतील कुंपण येथे मोडले. कारण अन्न आता कोणाच्या घरचे राहिले नाही.

या सर्व काळात सह्याद्रीच्या उतारावरील जव्हार संस्थान आणि त्यालगतचा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील मोखाडा पेटा या प्रदेशाचा उल्लेख उच्च शिक्षणाच्या इतिहासात जवळजवळ येत नाही. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी व कातकरी हे येथील मुख्य समाज. नागली आणि वरई ही डोंगरउताराची पिके. पाऊस उदंड, परंतु पाणी टिकत नाही. शेतीचे दिवस सरले की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांकडे व बांधकामांकडे कामाला जातात. येथे वार लावावा तर कोणाच्या घरी, आणि दक्षिणा मागावी तर कोणाकडे? परोपकारावर उभ्या असलेल्या साहाय्याला आधी एक संपन्न शेजार लागतो. तो शेजार या डोंगरात नव्हता. म्हणून येथील विद्यार्थ्याच्या बाबतीत राज्याने पुढे येणे हाच एक मार्ग होता.

राज्य पुढे आले ते सावकाश. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली अहवाल दिला; डॉ. आंबेडकर व अमृतलाल ठक्कर हे तिचे सभासद होते. दलित वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागासलेले वर्ग अशी विभागणी तिने केली व शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांची शिफारस केली. बाळासाहेब खेर यांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापिले. १९४४ साली डॉ. आंबेडकर केंद्रीय मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. जव्हार संस्थानाचे विलीनीकरणही १९४८ चेच. अशा रीतीने ज्या वेळी हा प्रदेश मुंबई राज्यात एकत्र आला, त्याच सुमारास त्याच्या मुलांना कॉलेजात जाण्याचा लेखी आधार मिळाला. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना जात न पाहता फीची सवलत मिळू लागली, आणि ‘नादारी’ची जागा ‘ई. बी. सी.’ या निर्विकार अक्षरांनी घेतली. दैन्याची कबुली जाऊन उत्पन्नाचा आकडा आला.

येथवरचा प्रवास देणगीकडून हक्काकडे झाला, असे म्हणता येईल. परंतु हक्काला पुरावा लागतो. म्हणून परिभाषेच्या केंद्रस्थानी आता ‘दाखला’ हा शब्द आला. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. त्यात प्रारंभी काही नोंदी विशिष्ट जिल्ह्यातालुक्यांपुरत्याच होत्या. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने दूर झाले. यादीतील नोंदी भाषाभ्यासकाने अवश्य पाहाव्यात अशा आहेत. कोकणा, कोकणी, कुकणा. ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर. काथोडी, कातकरी, सोन काथोडी असे उच्चारभेद तेथे पर्याय म्हणून दिलेले आहेत. कोळी या नावाखाली मात्र ‘कोळी महादेव’, ‘कोळी मल्हार’ अशा विशेषणयुक्त नोंदी आहेत. नुसते ‘कोळी’ तेथे नाही. शाळेच्या जुन्या पटावर मास्तरांनी ‘हिंदु कोळी’ एवढेच लिहिले असेल, तर गळालेल्या एका विशेषणामुळे तीन पिढ्यांनंतर नातवाचा दाखला अडतो.

न्यायालयांनाही या शब्दार्थाच्या प्रश्नात उतरावे लागले. १९९४ साली महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या व दक्षता पथके यांची पद्धती घालून दिली. देवदेवता, विधी, विवाहाच्या चालीरीती यांची चौकशी तीत येते. २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात याच न्यायालयाने आदेशातील शब्द जसाच्या तसा वाचला पाहिजे, त्यात भर घालता येणार नाही, असे ठरविले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या कायद्याने पडताळणीला वैधानिक रूप दिले. खोट्या दाव्यांनी खऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या जागा जात होत्या, हे या कठोरपणाचे कारण होते आणि ते खरे होते. परंतु चालीरीतींची परीक्षा शिकलेल्या, शहरात वाढलेल्या मुलाला विरुद्ध जाऊ शकते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या कागदाचे महत्त्व अधिकच वाढले.

रकमेकडे पाहता, २०१० च्या केंद्रीय दरांनुसार सामान्य पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास निर्वाहभत्ता वसतिगृहात राहात असल्यास दरमहा ५७० रुपये व नसल्यास ३०० रुपये होता. एवढ्यावर शहरात राहणे अशक्य. म्हणून शासकीय वसतिगृह हाच खरा आधार. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून ‘स्वयम्’ योजना आणली; मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये बँकखात्यात जमा करण्याची तीत तरतूद झाली. २०१८ साली वसतिगृहांतील खानावळीऐवजीही रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. त्यांची हरकत समजण्यास इतिहास उपयोगी पडतो. माधुकरीत अन्न होते, हक्क नव्हता. बोर्डिंगात अन्नही होते आणि पंक्तीतील बरोबरीही. रोख रकमेत हक्क आहे, पण हप्ता लांबला तर त्या संध्याकाळचे जेवण नाही. पोशेऱ्याच्या विद्यार्थ्याला हप्ता येईपर्यंत उसने देणारा शेजार शहरात नसतो, आणि गावातील माणसे त्या वेळी बहुधा भट्टीवर असतात.

या सर्वांतून एक विसंगती समोर येते. ज्या घरात आजवर कोणी शाळेत गेले नाही, त्याच घराला साहाय्याची गरज सर्वांत अधिक. आणि १९५० पूर्वीचा शाळेचा कागद त्याच घराकडे नसतो. जमीन नावावर नसेल तर महसुली कागदही नसतो. विद्येच्या अभावावर उपाय म्हणून निघालेली योजना पूर्वजांच्या विद्येचा पुरावा मागते. फुले यांनी चढाओढीच्या शिष्यवृत्तीवर घेतलेला आक्षेप येथे निराळ्या वेषात परत उभा राहतो.

या प्रश्नाचा एक भाग शासनाच्या हाती आहे. दुसरा विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहे. जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, शाळांचे पट आणि महसुली दप्तरे यांतील पुष्कळ मजकूर मोडी लिपीत आहे आणि ती वाचणारी माणसे थोडी आहेत. जव्हार संस्थान व मोखाडा पेटा यांची दप्तरे वेगवेगळ्या अंमलांखाली लिहिली गेली. त्यांतील जातिनामांच्या लेखनपद्धती कशा होत्या, कोणते विशेषण केव्हा लिहीत व केव्हा गाळीत, लेखनिकाच्या भाषेने बोलीतील नावाला कोणते रूप दिले, याची पद्धतशीर सूची झाली पाहिजे. अशी सूची भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाची ठरेल. पडताळणी समितीपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही ती उपयोगी पडेल. मोडीचे अध्यापन पदव्युत्तर वर्गात पुरातन लिपीचा छंद म्हणून चालविण्याऐवजी या कामाला जोडले, आणि जव्हार-मोखाड्याकडील विद्यार्थ्यांनाच त्यात प्रथम तयार केले, तर आपल्या आजोबांचे नाव ते स्वतःच वाचू शकतील.