आघात तरंग, गणितीय
आघात तरंग : द्रायूचा वेग, दाब व घनता ज्या अतिशय पातळ सीमेवर एकाएकी बदलतात, ती प्रवाहात सरकणारी सीमा. द्रायूच्या गतीच्या समीकरणांतून अशी सीमा उद्‌भवू शकते, हे जी. जी. स्टोक्स यांनी १८४८ मध्ये दाखविले. बी. रीमान यांचा मूलभूत निबंध १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या राशींमधील संबंध रँकिन (१८७०) व ह्यूगोन्यो (१८८७) यांनी मांडले.

निर्मितीची प्रक्रिया श्यानतारहित बर्गर्स समीकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. त्यात वेगाचे प्रत्येक मूल्य स्वतःच्याच गतीने पुढे जाते. मागचा वेगवान भाग पुढच्या संथ भागाला गाठतो व आलेखाचा उतार तीव्र होतो. आरंभीचा वेग साइन फलनाप्रमाणे असल्यास (परिमाणरहित एककांत) काल १ होताच उतार अनंत होतो. त्यानंतर एकाच ठिकाणी तीन वेग निघतात. हे भौतिक दृष्ट्या अशक्य असल्याने तेथे उडी मानावी लागते. अक्षय्यतेच्या नियमानुसार उडीची गती दोन्ही बाजूंच्या वेगांची सरासरी असते (पहा : अक्षय्यतेचे नियम). मागील वेग पुढीलपेक्षा जास्त असेल तरच ती ग्राह्य ठरते (पहा : एंट्रॉपी).

श्यानता विचारात घेतल्यास उडीऐवजी सलग पातळ थर मिळतो. त्याची जाडी श्यानतेच्या सम प्रमाणात व उडीच्या व्यस्त प्रमाणात असते. या समीकरणाचा नेमका निर्वाह ई. हॉप्फ (१९५०) व जे. डी. कोल (१९५१) यांनी दिला. स्वनातीत उड्डाण व स्फोट यांच्या संगणकीय पद्धती तपासताना तो कसोटी म्हणून वापरतात (पहा : द्रायुयामिकी).