बिन, कोम आणि ए.कु.मॅ.

राजघराण्यांची वंशावळ बखरींत मिळते, पाटील-देशमुखांची वतनाच्या तंट्यांत. थोरली पाती कोणाची हे गोतसभेपुढे ठरवताना पिढ्यांची नावे महजरात उतरत. माळेगाव बुद्रुकसारख्या गावातल्या साध्या कुणब्यावर असा प्रसंग क्वचितच येई. मिरासदाराचे नाव निदान थळाशी बांधलेले असे. उपऱ्याचे तेवढेही नाही. आपल्या इतिहासलेखनाने मात्र वतनदाराचे कागद हेच गावाचे कागद मानले.

शेतकरी कागदावर सलगपणे येतो तो साऱ्यापायी. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांची तीस वर्षांची आकारणी सुरू झाली. पुढे हीच पद्धत दख्खनभर पसरली. शेताला क्रमांक मिळाला, क्रमांकाला खातेदार. तेव्हापासून कुळाचा माग काढायचा तो शेताच्या मागून. १२ मे १८७५ रोजी याच टापूतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्यांच्या लेखी तो गळफास होता आणि त्यात काही खोटे नव्हते. पण त्या राखेत कित्येकांच्या बापा-आज्यांची नावेही गेली असणार.

उरलेल्या कागदांची स्वतःची एक भाषा आहे. 'बिन' मुलाला बापाशी जोडतो, 'कोम' बायकोला नवऱ्याशी. लेक लग्नानंतर माहेरच्या कागदांतून नाहीशी होते. स्त्री खातेदार दिसते ती बहुधा विधवा म्हणून किंवा अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून. सर्वांत फसवे अक्षर 'ए.कु.मॅ.' हे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सातबाऱ्यावर एकट्या थोरल्याचे नाव लागे. धाकटे भाऊ त्याच रानात राबत, पण कागदाला ते ठाऊक नसत. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, मागोमाग ऊस, आणि १९५० च्या दशकात माळेगावचा सहकारी साखर कारखाना. जिरायत रानाचे बागायत झाले तशी या दोन-तीन अक्षरांची किंमत वाढली. धाकट्याच्या नातवाला आता आपला आजा त्याच घरातला होता हे सिद्ध करावे लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. महसुली कागदांबरोबर गाव नमुना चौदाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्याही उघडल्या गेल्या. सातबाऱ्यावर कधीच न आलेल्या लेकी तिथे भेटतात, बापाच्या नावापुढे. जात सिद्ध करायची वंशावळ मात्र बापाकडूनच चढते. त्यामुळे सापडलेली ती नोंद वाचली जाते, आणि तक्ता तिच्या भावाच्या नावावरून पुढे सरकतो.