मावळातील लाव्हा पठार
मावळातील पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचे आहेत. हा लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालाच्या अखेरीस, भूकवचातील लांब भेगांतून वर येऊन पसरला. म्हणून लोणावळ्याभोवतालच्या खोल दऱ्या म्हणजे ज्वालामुखीचा माथा खचून झालेली महाकुंडे नव्हेत. त्या वाहत्या पाण्याने कोरल्या आहेत. खंडाळा घाटात एकावर एक रचलेले प्रवाह स्पष्ट दिसतात. खंडाळा व बुशे हे शैलसमूह मिळून ‘लोणावळा उपगट’ होतो. पैकी बुशेच्या रासायनिक संघटनात ग्रॅनिटी कवचाचा अंश ठळक आहे. वर येताना शिलारसाने वाटेतला प्राचीन खडक पचविला होता. त्यावरील वाई उपगटाची उद्‌गिरणे अधिक प्रचंड होती. डायनोसॉरांच्या निर्वंशास ती कितपत कारण झाली आणि मेक्सिकोतील चिक्सुलूबचा अशनिपात कितपत, हा वाद मिटलेला नाही.